हरकतीची मुदत आणि बारडोली

बारडोलीचा १९२८ चा लढा वाढीव साऱ्याविरुद्ध झाला, असे शालेय पुस्तकांपासून व्याख्यानांपर्यंत सर्वत्र सांगितले जाते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी बारडोलीत जमलेल्या खातेदारांनी जो ठराव केला, त्यात सारा माफ करा असे कोठेही म्हटलेले नव्हते. सरकारने जुना सारा पूर्ण भरणा म्हणून स्वीकारावा, नाहीतर निःपक्षपाती चौकशी नेमून वाढ योग्य की अयोग्य हे ठरवावे, एवढीच मागणी होती. म्हणजे भांडण रुपयांचे होते तितकेच ते आपले म्हणणे ऐकून घेण्याचे होते. अर्ज केला, हरकत घेतली, शिष्टमंडळ पाठविले, आणि कचेरीने ते सर्व दप्तरी दाखल करून मूळचाच हुकूम कायम केला, ही त्या लढ्याची खरी पूर्वपीठिका आहे. आम्ही आयुष्याची उमेदीची वर्षे महसूल खात्याच्या फायलींत घालविली असल्यामुळे या पूर्वपीठिकेकडे आमचे लक्ष अधिक वेधले जाते, हे प्रथमच सांगून टाकतो.

येथे शब्दाची एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. आपण मराठीत ज्याला हरकत म्हणतो, त्याला येथील गुजराती कचेरीत ‘वांधो’ म्हणतात. आपल्या बोलीत मात्र ‘वांधे होणे’ म्हणजे पंचाईत होणे. पिढ्यान्पिढ्या गुजरातेत राहिलेल्या आपल्या घरांतून दोन्ही अर्थ एकाच वेळी समजतात. वांधा घेणाऱ्याचेच पुढे वांधे होतात, हा अनुभव भाषेने आधीच टिपून ठेवला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

बारडोली तालुक्याची तीस वर्षांची जमाबंदी १८९६ च्या सुमाराची. ती संपत आल्यावर फेरजमाबंदीचे काम प्रांतिक सेवेतील उपजिल्हाधिकारी एम. एस. जयकर यांच्याकडे आले. आडनाव आपल्या ओळखीचे आहे, म्हणून सांगितले पाहिजे की हे जयकर म्हणजे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर नव्हेत. १९२५ मध्ये त्यांनी अहवाल दिला. तापी खोऱ्यातील रेल्वे झाली, रस्ते सुधारले, लोकसंख्या वाढली, दुभती जनावरे आणि गाड्या वाढल्या, पक्की घरे दिसू लागली, कापसाचे भाव चढले, अशी कारणे देऊन त्यांनी साऱ्यात सुमारे तीस टक्के वाढ सुचविली. काही गावे खालच्या वर्गातून वरच्या वर्गात घातली, त्यामुळे त्या गावांची वाढ त्याहून पुष्कळ अधिक झाली. अहवाल इंग्रजीत होता. तालुक्यातील खातेदार गुजराती बोलणारे, आणि त्यांच्यातही राणीपरज समाजाचा भाग मोठा. ज्याच्या शेताविषयी अहवाल लिहिला त्याला तो वाचता येण्याची सोय नव्हती.

तरीही लोकांनी हरकती घेतल्या. नरहरी परीख यांनी तालुक्याच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास करून अहवालातील उणिवा दाखविल्या. भीमभाई नाईक आदी मुंबई कायदेमंडळाचे सभासद १९२७ च्या आरंभी शिष्टमंडळ घेऊन महसूल खात्याच्या सभासदांना भेटले. सनदशीर म्हणून जे जे करता येते ते सर्व झाले. आणि नेमक्या याच काळात कचेरीच्या आत काय घडत होते, ते पाहिले म्हणजे हरकत या प्रकाराचे मर्म कळते.

जयकरांचा अहवाल जमाबंदी आयुक्त अँडरसन यांच्याकडे गेला. अँडरसन यांना जयकरांची कारणमीमांसा मुळीच पटली नाही. पिकाच्या एकूण किमतीवरून सारा ठरविणे चुकीचे, तो जमिनीच्या खंडावरूनच ठरविला पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यांनी खंडाचे आकडे घेतले, त्यांवर नवीनच इमारत उभी केली आणि २९ टक्के वाढ सुचविली. म्हणजे पाया सर्वस्वी बदलला, आणि आकडा जवळजवळ तोच राहिला. आता विचार करा. लोकांनी हरकती घेतल्या त्या जयकरांच्या कारणांवर. निर्णय झाला तो अँडरसन यांच्या कारणांवर. त्या दुसऱ्या कारणांवर हरकत घेण्याची संधी खातेदाराला मिळालीच नाही, कारण हुकूम निघेपर्यंत ती कारणे त्याच्यापुढे आलीच नव्हती. जुलै १९२७ मध्ये सरकारने मधला मार्ग काढल्याचा आव आणून सुमारे २२ टक्के वाढ कायम केली. सात वर्षांत झालेल्या खंडपट्ट्यांची बेरीज एकाच वर्षाची समजून तालुक्यातील फार मोठी जमीन खंडाने दिली जाते असा निष्कर्ष काढण्यात आला आहे, ही ढोबळ चूक पुढे वल्लभभाईंनी दाखवून दिली. ही चूक शोधून काढण्यास विद्वान लागत नव्हता. तो तक्ता गावातल्या एखाद्या हुशार पटेलापुढे ठेवला असता तर त्याने ती एका बैठकीत सांगितली असती.

६ फेब्रुवारी १९२८ रोजी वल्लभभाईंनी गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांना जे पत्र लिहिले त्यात या कार्यपद्धतीच्या दोषांवर नेमके बोट ठेवले आहे. पाया बदलला, गावांचे वर्ग बदलले आणि आम्हाला पुरेशी सूचना व संधी मिळाली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पत्राची पोच आली ती अशी की, ते योग्य त्या कार्यवाहीसाठी महसूल खात्याकडे पाठविले आहे. या ओळीतला थंडपणा सरकारी नोकरीत न राहिलेल्याला कदाचित जाणवणार नाही. ज्या खात्याविरुद्ध तक्रार, त्याच खात्याकडे ती निकालासाठी पाठविण्याची ही रीत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही.

पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. जप्त्या, म्हशींचे लिलाव, पटेल आणि तलाट्यांचे राजीनामे, कायदेमंडळाच्या सभासदांनी सोडलेल्या जागा. त्याची पुनरुक्ती करीत नाही. ऑगस्ट १९२८ मध्ये समेट झाला आणि चौकशी नेमली गेली. न्यायखात्याचे ब्रूमफील्ड आणि महसूल खात्याचे मॅक्सवेल हे दोघे चौकशी अधिकारी. ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ मध्ये अहमदाबादेस गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सांगणारे तेच न्यायाधीश. या दोघांनी गावोगाव जाऊन, दोन्ही बाजूंच्या समक्ष, खातेदारांच्या जबान्या घेतल्या. भुलाभाई देसाई यांनी आरंभी लोकांची बाजू मांडली. नंतर महादेवभाई देसाई, नरहरी परीख आणि रामनारायण पाठक यांनी दीर्घकाळ काम चालविले. १९२९ मध्ये अहवाल आला. खंडाचे आकडे विश्वसनीय नाहीत, त्यांची गावात जाऊन व्हावयास हवी ती छाननी झालेली नाही, असा निष्कर्ष निघाला आणि २२ टक्क्यांची वाढ सहा टक्क्यांच्या आसपास आली. चौकशी करणारे दोघेही इंग्रज आणि दोघेही सरकारी नोकर होते, हे विसरता कामा नये. त्यांनी नवीन असे एकच केले. ज्याची जमीन, त्याला तिच्याविषयी विचारले.

जयकरांविषयी दोन शब्द लिहिणे आम्हास आवश्यक वाटते. बारडोलीवरील प्रत्येक पुस्तकात त्यांचे नाव खलपुरुषासारखे येते, आणि आपल्या लोकांना ते वाचताना जरा अवघडल्यासारखे होते, असा आमचा अनुभव आहे. पण कचेरीचे यंत्र ज्याने आतून पाहिले आहे त्याला हा माणूस वेगळा दिसतो. ठरलेल्या मुदतीत तालुकाभरच्या गावांचे तक्ते भरून घ्यावयाचे, ते भरणार तलाटी आणि कारकून, आणि अहवाल मात्र एका अधिकाऱ्याच्या सहीने जाणार. वाढ सुचविली नाही तर वरिष्ठ कारण विचारणार. वाढ सुचविली तर कोणी विचारणार नाही. अशा मांडणीत सामान्य कुवतीचा सभ्य माणूस जे करील तेच त्यांनी केले. दोष त्यांचा नव्हता असे आम्ही म्हणत नाही. पण तो दोष त्यांच्या नावाबरोबर संपला असता तर १९३९ चा कायदा करण्याची गरज पडली नसती.

या कायद्याकडे वळण्यापूर्वी एक तुलना करावीशी वाटते, कारण ती कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही. याच मुंबई इलाख्यात १९१५ साली नगररचनेचा कायदा झाला. इंग्लंडच्या १९०९ च्या कायद्याच्या धर्तीवरचा हा हिंदुस्थानातील पहिला असा कायदा. शहराच्या वेशीबाहेरची शेते एकत्र करून, त्यातून रस्ते काढून, मालकांना नव्या आकाराचे प्लॉट परत द्यावयाचे, अशी त्याची योजना. गुजरातेतील टी. पी. स्कीम म्हणतात ती हीच. या कायद्यात मसुदा प्रसिद्ध करणे, त्यावर मुदतीत हरकती घेणे, आणि सरकारने नेमलेल्या लवादाने मालकांचे म्हणणे ऐकून प्लॉट व मोबदला ठरविणे, हे सर्व होते. म्हणजे अहमदाबादच्या एलिसब्रिजकडील प्लॉटमालकाला १९१५ पासून जे मिळत होते ते बारडोलीच्या खातेदाराला १९२७ मध्ये मिळत नव्हते. सरकार एकच, इलाखा एकच. आणि वल्लभभाई या दोन्ही टोकांना उभे होते. १९१७ पासून ते अहमदाबाद नगरपालिकेचे सभासद आणि १९२४ ते १९२८ अध्यक्ष. नगररचनेच्या योजना त्यांच्याच कारकिर्दीत पुढे सरकल्या. हरकतींचे गठ्ठे टेबलावर येतात तेव्हा त्यांचे काय करावयाचे असते हे त्यांना घरचे काम म्हणून ठाऊक होते. बारडोलीच्या पत्रव्यवहारात जी कायदेशीर काटेकोरता दिसते ती केवळ बॅरिस्टरीची नसावी, असे आम्हास वाटते.

खाली महाराष्ट्रात मुळशीच्या मावळ्यांची अवस्था तर याहून वाईट होती. टाटांच्या जलविद्युत धरणासाठी त्यांची गावे घेण्याचे ठरले तेव्हा १८९४ च्या भूसंपादन कायद्यात संपादनालाच हरकत घेण्याची तरतूद नव्हती. मोबदला कमी की जास्त, एवढेच भांडता येत असे. एप्रिल १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या मागे ते लोक धरणाच्या कामावर जाऊन बसले, त्याला हेही एक कारण होते. हरकत ऐकण्याचे कलम ५-अ त्या कायद्यात आले ते १९२३ च्या दुरुस्तीने. मुळशीला त्याचा उपयोग झाला नाही. गावे पाण्याखाली गेली.

१९३७ मध्ये बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि महसूल खाते मोरारजी देसाई यांच्याकडे गेले. मोरारजीभाई वलसाडजवळच्या भदेलीचे. १९३० मध्ये राजीनामा देईपर्यंत ते उपजिल्हाधिकारी, म्हणजे जयकरांच्याच प्रांतिक सेवेतले. आतले यंत्र त्यांनी पाहिले होते. १९३९ मध्ये मुंबई जमीन महसूल संहितेत जमाबंदीविषयीचे नवे प्रकरण ८-अ घालण्यात आले. फेरजमाबंदीचा अहवाल प्रादेशिक भाषेत प्रसिद्ध करावयाचा, जुने व नवे दर गावात नोटिशीने कळवावयाचे, मुदतीत आलेल्या हरकती अहवालाबरोबर वर पाठवावयाच्या, गाऱ्हाणे असणाऱ्यास ते महसूल न्यायाधिकरणापुढे नेता यावयाचे, वाढीवर कमाल मर्यादा, आणि शेवटी प्रस्ताव कायदेमंडळापुढे ठेवावयाचा. बारडोलीतील एकेका तक्रारीसमोर या प्रकरणातील एकेक तरतूद ठेवून पाहिली तर जोड्या जुळतात. कायद्याच्या पुस्तकात बारडोलीचे नाव कोठेही नाही. पण आमच्या मते बारडोलीचे खरे स्मारक तेथे आहे. सत्याग्रहाचा इतिहास लिहिणारे या प्रकरणापर्यंत येत नाहीत, आणि कायदा शिकविणारे सत्याग्रहापर्यंत जात नाहीत.

स्वातंत्र्यानंतर जमीन साऱ्याचे महत्त्व ओसरले. बारडोलीच्या आसपास कापसाची जागा उसाने घेतली, बाबेनचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि सुरतेची वाढ जशी पूर्वेकडे सरकली तसे शेताचे प्लॉट होऊ लागले. साऱ्याची जागा बिनशेती परवानगीने आणि बांधकामाच्या परवानगीने घेतली. आज सामान्य माणूस सरकारदारी अर्ज घेऊन उभा राहतो तो बहुधा यासाठीच. कायदे अपुरे आहेत असे म्हणता येणार नाही. संहितेच्या कलम ६५ मध्ये तीन महिन्यांत निर्णय न कळविल्यास बिनशेती परवानगी दिली असे समजण्याची तरतूद मुळातच होती. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्यात विकास आराखड्यावर हरकती व सूचना घेण्यासाठी दोन महिने आहेत, आणि बांधकामाच्या अर्जावर मुदतीत उत्तर न आल्यास मंजुरी गृहीत धरण्याचे तत्त्वही आहे.

कागदावर हे फार उदार दिसते. इंग्लंडमध्ये उलट आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले लेस्टर-लंडनकडे आहेत, त्यांना हे माहीत असेल. तेथे कौन्सिलने मुदतीत निर्णय दिला नाही तर अर्ज फेटाळल्याप्रमाणे समजून वर अपील करता येते. मौनाला मंजुरी मानीत नाहीत. पण शेजारी कोणी मजला चढविणार असेल तर कौन्सिल आजूबाजूला पत्र पाठविते किंवा जागेवर सूचना लावते, आणि शेजाऱ्याला तीन आठवड्यांत आपले म्हणणे मांडता येते. कौन्सिलच्या कारभाराविरुद्ध तक्रार ऐकण्यासाठी १९७४ पासून स्वतंत्र लोकायुक्तासारखी यंत्रणा आहे. तेथेही दिरंगाईच्या तक्रारी पुष्कळ असतात, हे खरे. आपल्याकडे मात्र एकेका इमारतीच्या अर्जाची खबर शेजाऱ्याला देण्याची पद्धत रुजलीच नाही. भिंत उभी राहिली की त्याला कळते.

आणि आपली ती गृहीत मंजुरी? तिचा उपयोग करून घर बांधलेला माणूस आम्ही आमच्या नोकरीत क्वचितच पाहिला. कारण मौनाला शिक्का नसतो, आणि शिक्क्याशिवाय बँक कर्ज देत नाही. शिवाय मुदत संपण्याच्या बेतात एखादी त्रुटी काढून पत्र पाठविले की गणित पुन्हा पहिल्यापासून सुरू. आमच्याच जुन्या घराच्या माडीच्या दुरुस्तीचा अर्ज एका नगरपालिकेत अकरा महिने पडून होता. अखेर जी त्रुटी निघाली ती अशी की, नकाशावर उत्तर दिशेचा बाण दाखविलेला नाही. बाण दाखविला, आणि मग दुसरी त्रुटी निघाली. यात कोणी पैसे मागितले असे आम्ही म्हणत नाही. कचेरीत नकार देणाऱ्याला किंवा त्रुटी काढणाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. होकार देणाऱ्याच्या सहीवर मात्र दहा वर्षांनीही चौकशी बसते. कारकुनाची भीती हे दिरंगाईचे लाचेइतकेच मोठे कारण आहे, आणि त्याविषयी फारसे बोलले जात नाही.

परवानगीचा दरवाजा असा अरुंद असला की लोक मागच्या दाराने जातात. मग ती बांधकामे नियमित करण्यासाठी कायदे होतात. गुजरातेत २००१ मध्ये झाला, २०११ मध्ये झाला, २०२२ मध्ये पुन्हा झाला. महाराष्ट्रात २००१ चा गुंठेवारीचा कायदा आणि २०२१ मध्ये त्याची वाढविलेली मर्यादा. जो रांगेत उभा राहिला त्याने अकरा महिने वाट पाहिली, आणि जो राहिला नाही त्याने शुल्क भरून तेच मिळविले. हा केवळ अन्यायाचा प्रश्न असता तर सोसला असता. २४ मे २०१९ रोजी सुरतेत सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडमध्ये आग लागली आणि वरच्या मजल्यावरील शिकवणीच्या वर्गातील मुलांसह २२ जणांचे प्राण गेले. तो मजला कोणी, कोणत्या कागदावर, काय पाहून चालू दिला, या प्रश्नासाठी महापालिकेच्या आणि अग्निशमन खात्याच्या अधिकाऱ्यांना अटक झाली. सुरत जिल्ह्यात असे एखादे घर नसेल ज्याने त्या संध्याकाळी दूरदर्शनवर ती मुले उड्या मारताना पाहिली नसतील.

काही गोष्टी सुधारल्या आहेत हेही लिहिले पाहिजे. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीच्या अधिकारामुळे आपल्या फाइलवरील टिपणी मागता येते. अँडरसन यांनी जयकरांच्या अहवालावर काय लिहिले हे हुकूम निघण्यापूर्वी कळण्याची सोय १९२७ च्या खातेदाराला नव्हती. आजच्या अर्जदाराला निदान मागणी तरी करता येते. अर्ज आता ऑनलाइन भरले जातात, पोच क्रमांक मिळतो. मात्र विकास आराखड्यावरील हरकतींच्या बाबतीत आम्हास एक उणीव सतत जाणवते. हरकत घेतल्यावर तिचे काय झाले, ती कोणत्या कारणास्तव अमान्य झाली, हे हरकत घेणाऱ्याला कारणांसह कळविण्याची शिस्त आपल्या कचेऱ्यांत लागलेली नाही. आराखडा अंतिम झाल्याची अधिसूचना निघते, नकाशावर रस्ता आपल्या विहिरीवरून गेलेला दिसतो, आणि आपल्या पत्राला दिलेला आवक क्रमांक तेवढा हाती राहतो.

बारडोली तालुक्याला लागून महुवा, पलसाणा, कामरेज हा त्या वेळचा गायकवाडी मुलूख. १९३० मध्ये बारडोलीचे शेतकरी हिजरत करून गेले ते याच हद्दीत. आपल्यापैकी काही घराण्यांचे पूर्वज तेव्हा गायकवाडी महसूल खात्यात होते, काही इंग्रजी हद्दीत तलाटी, कारकून किंवा शिक्षक होते. त्यांच्या ट्रंकांत त्या काळच्या फेरजमाबंदीच्या नोटिसा, साऱ्याच्या पावत्या, गावांच्या वर्गवारीचे तक्ते, हरकतीच्या अर्जांच्या नकला असण्याचा संभव आहे. १९२५ ते १९२९ या वर्षांतील असा एखादा कागद, मग तो मोडीत असो वा गुजरातीत, कोणाकडे असल्यास त्याची प्रत मंडळाच्या संग्रहास द्यावी. मूळ कागद घरीच ठेवावा. मोडी वाचून देण्याचे काम आम्ही आनंदाने करू. सध्या आमच्याजवळ वेळ भरपूर आहे.